मृगाआधीची बेगमी आणि २४ गुंठे: चार माणसांचं वर्ष कसं बसवायचं?

राजापूरचा_सडा
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडं आत जमीन आहे. १६ गुंठे मळा. तो जून ते ऑक्टोबर पाणी धरतो आणि वरच्या कुणग्यातलं (बांध घातलेल्या तुकड्यातलं) पाणी खालच्यात उतरतं. त्याच्या वर ८ गुंठे वरकस (उताराची हलकी जमीन). परसात रातांब्याची (कोकमाची) दोन मोठी झाडं, एक बरका (मऊ गऱ्यांचा) फणस आणि रायवळ आंब्याची तीन झाडं. विहीर फेब्रुवारीनंतर आटत जाते, त्यामुळे उन्हाळी पीक नाही.
घरात चार माणसं. सकाळी पेज, दोन वेळा भात, मासे चालतात. आता एप्रिल लागलाय. धान्य शक्यतो विकत आणायचं नाही आणि पावसाळ्याचे चार महिने बाजारावर कमीत कमी अवलंबून राहायचं, असं ठरवलंय. त्यासाठी मळ्यात भात किती आणि कोणतं घालावं? वरकसात काय? मृगाआधी घरात काय-काय तयार असायला हवं आणि ते कोणत्या क्रमाने करावं? कृपया मापासकट सांगा.

दाढ_आणि_लावणी
आधी खाण्याचा हिशेब करा, मग पेरणीचा. पेज धरून चार माणसांना रोज साधारण १ किलो तांदूळ लागतो. वर्षाचे ३६५ किलो, त्यात घावण्यांचं पीठ, गणपती आणि पैपाहुणे धरून ४०० किलो. गिरणीत १०० किलो भाताचे ६५ ते ६७ किलो तांदूळ पडतात, म्हणजे ६०० किलो भात पिकायला हवं. सुधारित जात आणि नीट लावणी असेल तर गुंठ्याला ३५ किलो धरायला हरकत नाही. १६ गुंठ्यांत ५६० किलो होतात. थोडं कमी पडेल, ते वरकसातल्या नाचणीने भरून निघेल. वालयसारखं जुनं लाल भात हवं असेल तर ते दोन गुंठ्यांच्या वर घालू नका. चवीला आणि पेजेला त्याला तोड नाही, पण उतारा गुंठ्याला २०-२५ किलोच, आणि उंच वाढून आडवंही पडतं.

सगळ्या मळ्यात एकच जात घालणं ही नेहमीची चूक. वरचे कुणगे आधी सुकतात, तिथे ४ गुंठे हळवं (लवकर तयार होणारं) घाला, कर्जत-१८४ किंवा रत्नागिरी-१. खालच्या १२ गुंठ्यांत जयासारखं निमगरवं (मध्यम मुदतीचं). सगळं हळवं घातलं तर ते सप्टेंबरअखेर तयार होतं आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस असतो. भात आडवं पडतं, लोंबीतच मोड येतात, कापलेलं खळ्यात वाळत नाही. निमगरवं ऑक्टोबरच्या मध्यावर कापायला येतं, तोवर आकाश मोकळं झालेलं असतं.

बियाणं १६ गुंठ्यांना ७ ते ८ किलो पुरे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. वर तरंगेल ते काढून टाका. तळाला बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत २४ तास सुकवा. मीठ नीट धुतलं गेलं नाही तर उगवण कमी होते.

दाढीला (रोपवाटिकेला) लावणीच्या क्षेत्राचा दहावा हिस्सा, म्हणजे दीड-पावणेदोन गुंठे. मीटरभर रुंद, ८-१० सेंटीमीटर उंच गादीवाफे करा, मध्ये पाणी जायला चर. सपाट जमिनीवर बी फेकलं आणि पहिलाच पाऊस जोराचा आला, तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. दाढ भाजायची पद्धत तुमच्याकडे असेलच. भाजल्याने तणाचं बी मरतं हे खरं. पण त्यासाठी डोंगरातली कवळं (छाटलेल्या फांद्या) आणि पातेरा जाळण्यापेक्षा तो कुजवून शेतात घातलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे. वाफ्याच्या मातीत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळा आणि पंधरा दिवसांनी एकदा हाताने बेणणी करून तण काढा. राखेतल्या सिलिकेने रोपाचं खोड कणखर होतं आणि खोडकिड्याला रोप कमी बळी पडतं. घरच्या तुसाची राख पुरणार नाही. गिरणीमागे ढीग पडलेले असतात, तिथून आताच आणून ठेवा, कारण भिजलेलं तूस जळत नाही.

लावणी २१ ते २५ दिवसांच्या रोपांची. पाऊस लांबला म्हणून ३५-४० दिवसांचं रोप लावलं तर फुटवे कमी येतात आणि उतारा तिथेच घसरतो. म्हणून सगळी दाढ एका दिवशी पेरू नका. निम्मी धुळीत, मृगाच्या तोंडावर, आणि निम्मी आठवड्याने पावसावर. चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरीपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो पसरा. पानं गळून पडली की काटक्या उचलून सरपणाला घ्या आणि मग चिखलणी करा.

तुमच्याकडे पाणी कुणग्यातून कुणग्यात उतरतं, म्हणजे फेकलेला युरिया पाण्याबरोबर खाली वाहत जाणार. तिथे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट गोळ्याच वापरा. १५-२५ सेंटीमीटरची जोडओळ दोन्ही बाजूंनी दोरीवर लावा. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) प्रत्येक लहान चौकोनात मधोमध एक गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गोळी २.७ ग्रॅमची असते आणि गुंठ्याला ६२५ बसतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. गोळी वर राहिली तर काही फायदा नाही. पिशवी उघडी ठेवली तर ओल धरून गोळ्यांचा भुगा होतो. चुडात दोन-तीनच काड्या लावा, आणि खोल खुपसू नका.

वरकसात नाचणी. रोप करून २५-३० दिवसांनी लावा, ८ गुंठ्यांत ९०-१०० किलो मिळायला हरकत नाही. कणसं एकदम पिकत नाहीत, दोन वेळा कापावी लागतात. कोवळी कणसं मिसळली की पीठ कडवट लागतं आणि लवकर जाळी धरतं.

खळ्यातलो
वरच्या हिशेबात एक राहिलं. पेजेला उकडा (भात उकडून, वाळवून केलेला) तांदूळ हवा, आणि उकडा करायला ऊन हवं. म्हणजे जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरेल एवढा उकडा मे संपायच्या आत घरात असायला पाहिजे. साडेचार महिन्यांना १३५ किलो तांदूळ धरा, म्हणजे २०० किलो भात उकडायचं. यंदा घरचं भात नाही तर गावातूनच जाडं भात विकत घ्या, तयार उकडा घेण्यापेक्षा ते परवडतं. २० किलोचं एक भांडं धरलं तर दहा भांडी होतात. दिवसाला एक, फार तर दोन. त्याहून जास्त उकडलं तर खळ्यात वाळवायला जागा राहत नाही.

संध्याकाळी भात मोठ्या टोपात घ्यायचं, चार बोटं वर येईल इतकं पाणी. फोल वर येतं ते काढून टाका. चुलीवर पाणी हाताला सोसवेनासं होईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. जाळ ओढून घ्या, झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी सगळं पाणी काढा. तळाला दोन-तीन लिटर पाणी ठेवून भात परत टोपात, वर ओलं गोणपाट, आणि जाळ मोठा. वरच्या थरातून वाफ यायला लागली की दाणे हातात घेऊन बघा. तुसाचं तोंड जरा उघडलेलं दिसलं की लगेच उतरवा. दाणा पूर्ण फुलून बाहेर आला तर गिरणीत त्याचा चुरा होतो. तोंड उघडायच्या आधीच उतरवलं तर दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका राहतो आणि तो तिथेच मोडतो.

रात्री थंड पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणारे आहेत. त्या तांदळाला आंबूस वास येतो आणि तो पेजेत जात नाही. गरम पाण्यात भिजवलेल्याला वास येत नाही.

वाळवणं हे खरं कौशल्याचं काम. पहिला दिवस उन्हात, दोन बोटं जाडीचा थर, तासातासाने पायाने परतायचं. दुपारनंतर गोळा करून झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात. मेमधल्या कडक उन्हात एका दिवसात वाळवलेलं भात वरून सुकतं, आत ओलं राहतं, दाण्याला तडे जातात आणि अर्धी कणी होते. दाताखाली कट् आवाज आला की झालं. नंतर दोन-तीन दिवस पोत्यात राहू द्या आणि मग गिरणीवर न्या. कोंडा आणि तूस परत आणायला विसरू नका.

आता रातांबे. एका मोठ्या झाडावर घरच्याला पुरून उरतील इतके असतात. आमसुलाला सलग सहा-सात दिवसांचं कडक ऊन लागतं, आगळाला (सालींच्या खारवलेल्या रसाला) ऊन लागतच नाही. म्हणून एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतची फळं आमसुलाला, आणि त्यानंतरची, ढगाळ दिवसांतली, आगळाला. हा क्रम उलटा केला की आमसुलांवर पांढरी बुरशी येते आणि सगळं फुकट जातं. एकदा पाऊस खाल्लेली फळं मऊ पडतात, फुटतात, ती बेगमीला घेऊ नका.

आमसुलं: पूर्ण लाल झालेली फळं धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, दोन भाग करा. गर आणि बिया वेगळ्या. १० किलो फळांच्या गरात किलोभर जाडं मीठ घालून रस सुटू द्या. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर ठेवायच्या, सकाळी परत उन्हात. असं चार-पाच वेळा. साल काळपट, चिवट, दुमडली तरी न मोडणारी झाली की थांबा. कुरकुरीत होईपर्यंत वाळवलं तर आमटीत रंग उतरत नाही. १० किलो फळांची साधारण सव्वा ते दीड किलो आमसुलं होतात. चार माणसांना वर्षाला दोन-अडीच किलो पुरतात.

आगळ: फक्त साली घ्या, बारीक चिरा आणि किलोला १६० ग्रॅम मीठ, एक थर सालीचा एक मिठाचा असे भरा. सात दिवस रोज लाकडी पळीने खाली-वर करा, मग गाळून काचेच्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरा. मीठ कमी केलं की आगळ फसफसतं. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं यांपैकी काहीही रसाला लागू देऊ नका. काच, चिनी माती किंवा चांगलं खाद्य प्लॅस्टिक चालेल. सोलकढीला आगळ घातल्यावर चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालायचं नाही, ते त्यात आधीच भरपूर असतं.

बिया टाकू नका, राखेत चोळून वाळवून ठेवा. पावसाळ्यात सवडीने कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढलं की त्याचं मुठेल होतं. लावणीच्या चिखलात पायांना भेगा पडतात, तेव्हा तेच लागतं.

उकड्याच्या पेजेवांगडा खारातलो आंबो आणि भाजलेलो सुको बांगडो, एवढा असला तर पावसाळ्यात सकाळी आणखी काय लागणा नाय.

खाडीकाठ_दापोली
सुक्या मासळीचं मी सांगतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र उधाणलेलाच असतो. दोन-अडीच महिन्यांना चार माणसांना जवळा (बारीक सुकी कोळंबी) दीड किलो, सोडे (सोललेली सुकी कोळंबी) अर्धा किलो आणि मोठे खारे बांगडे पन्नासेक पुरतात. खरेदी एप्रिलमध्येच करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात भाव चढतात आणि माल ढगाळ हवेत वाळवलेला असतो.

घेताना जवळा मुठीत दाबून सोडा, गोळा राहिला तर ओल आहे. वाळूवर वाळवलेला घेऊ नका, कितीही धुतला तरी कचकच जात नाही. जाळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला मागा. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-लालसर डाग असतील तर तो बिघडायला लागलेला आहे, मग कितीही स्वस्त असो. सोडे फार पांढरेफटक नकोत, फिकट केशरी असावेत आणि मोडताना तडकन मोडावेत.

बांगडे घरी खारवायचे तर पोट साफ करून पाठीतून चिरून पसरट करा. चार किलो मासळीला एक किलो जाडं मीठ, थर देऊन २४ तास, वर वजन. सुटलेल्या पाण्यात एकदा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात, रात्री आत. कल्ल्यांच्या जागी मीठ दाबून भरलं नाही तर तिथेच अळ्या पडतात. आणलेली असो वा घरची, सगळी मासळी मेअखेर परत एक दिवस उन्हात घालून गरम असतानाच नव्हे, तर पूर्ण निवल्यावर डब्यात भरा. गरम भरली की झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथून सुरू होते.

उकड्याबद्दल थोडा मतभेद. दापोलीपासून वर रायगडकडे रोजचा भात सुरय (न उकडलेल्या) तांदळाचाच असतो. सगळं २०० किलो उकडण्याचा व्याप झेपत नसेल तर पेजेपुरता ५० किलो उकडा करा आणि बाकीचं भात तसंच ठेवून लागेल तसं भरडा.

भाजीची काळजी नको, पण हंगाम छोटा असतो. टाकळा पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडेच कोवळा मिळतो, तेवढ्यातच खाऊन घ्यायचा. नंतर कुरडू, फोडशी, भारंगी. भारंगीचा पाला उकडून पाणी पिळून टाकायचा, नाहीतर कडू लागते. शेवळं मिळाली तर काकड नावाच्या आंबट फळांबरोबरच शिजवा, नुसती केली तर घसा खाजतो. परसात काकडी, पडवळ, दोडका मेच्या शेवटच्या आठवड्यात लावून मांडव घाला, गणपतीला भाजी हाताशी येते.

राजापूरचा_सडा
सगळ्यांचे मनापासून आभार, आता मे महिन्याचं वेळापत्रकच हाती आलं. दोन प्रश्न उरले. आमटी-डाळीचं काय? भात कापल्यावर मळ्यात कुळीथ होईल का? आणि बरक्या फणसाचं, रायवळ आंब्यांचं काय करावं?

कुळथाची_पिठी
कुळीथ होईल, आणि व्हायलाच हवा. डाळ विकत आणायची वेळ येते ती भात कापून मळा ओसाड ठेवल्यामुळे. तुमच्या १६ गुंठ्यांतले खालचे ५ गुंठे घ्या, तिथे ओल जास्त दिवस टिकते. भात कापलं की पेंढ्या बांधावर काढून त्याच आठवड्यात नांगर किंवा पॉवर टिलर घाला. दहा-बारा दिवस थांबलात तर जमीन आवळते, ढेकळं निघतात आणि बी ओलीला टेकत नाही. गुंठ्याला पाव किलो बी, ओळीत पेरलं तर बेणणी सोपी. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी आटपा. खत-पाणी काही नको, पडणारं दव त्याला पुरतं. ९०-१०० दिवसांत शेंगा वाळतात. झाडं सकाळच्या दवात उपटायची, दुपारी उपटली तर शेंगा तडकून दाणे मळ्यातच सांडतात. गुंठ्याला ४-५ किलो धरा, २० किलोच्या पुढे मिळेल. घरच्या पिठीला भरपूर.

खरी अडचण गुरांची. दिवाळीनंतर गावात गुरं मोकाट सोडतात, आणि एकट्याने केलेलं कुळीथ एका रात्रीत साफ होतं. शेजारच्या दोघा-तिघांचे मळे लागून असतील तर त्यांच्याशी भाताची लावणी एकमेकांकडे करायला जाल तेव्हाच बोलून ठेवा. सलग पट्टा असला की राखण वाटून घेता येते आणि गावही गुरं सोडण्याची तारीख पुढे ढकलायला तयार होतं. जिथे ही बोलणी होत नाहीत तिथे कुळीथ बंद पडलंय, जमीन चांगली असूनही. वानरांना मात्र दिवसाची आणि रानडुकरांना रात्रीची राखण हाच उपाय, कुंपणाचा खर्च पाच गुंठ्यांना परवडत नाही.

पिठीसाठी कुळीथ मंद आचेवर रंग जरा गडद होईपर्यंत भाजा, जात्यावर भरडून पाखडून साल काढा आणि मग दळा. साल राहिली तर पिठी तुरट लागते. दोन वाट्या पाण्याला दोन भरगच्च चमचे पीठ, आधी गार पाण्यात कालवून, मग लसणीच्या फोडणीत आणि शेवटी दोन आमसुलं.

फणस बरका आहे, म्हणजे गरे तळायला उपयोगाचे नाहीत. रस चाळणीतून काढून ताटाला तेलाचा हात लावून साठं (रसाची सुकवलेली पोळी) घाला, पातळ थर, एक सुकल्यावर दुसरा. जाड थर दिला की खालून आंबतं. आठळ्या धुऊन पुसून लाल मातीच्या दाट चिखलात घोळवा, सावलीत वाळवा आणि टोपलीत राखेवर ठेवा. अशा ऑगस्टपर्यंत टिकतात, आमटीत आणि भाजीत पडतात. मातीचा थर तडकला असेल तिथून कीड शिरते, तो परत लिंपा.

रायवळाचे आंबे खारात घालायचे तर कोय धरलेले, कडक, देठासकट काढलेले घ्या. खाली पडलेला एकही नको, दबलेल्या जागेपासून सगळी बरणी नासते. लिटर पाण्याला पाव किलो मीठ, उकळून पूर्ण थंड केलेलं. आंबे बुडून वर चार बोटं पाणी राहील असं ओता, वर घासून धुतलेला दगड ठेवा. महिन्याभराने खायला येतात. काढताना ओला हात किंवा ओला चमचा घालू नका.

दाढ_आणि_लावणी
एक भर घालतो. पुढच्या वर्षीचं बियाणं कापणीच्या दिवशीच वेगळं काढा. मळ्याच्या मधल्या भागातल्या, एकसारख्या उंचीच्या, रोग नसलेल्या चुडांच्या लोंब्या. बांधाकडेच्या नकोत, तिथे शेजारच्या जातीची भेसळ होते. ८ किलोसाठी दहा-बारा किलो काढून ठेवा. पातळ पसरून तीन-चार दिवस वाळवा, निवल्यावर पेंढ्याच्या मुडीत किंवा शेणाने सारवलेल्या कणगीत, मध्ये निगडीचा (निर्गुंडीचा) सुकलेला पाला घालून भरा. कणगी जमिनीवर टेकवू नका, खाली पाट किंवा दगड द्या, आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे पावसाळ्यातली भिंतीची ओल त्यात उतरत नाही. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा. ८० च्या खाली आले तर कृषी केंद्रातून बी आणायला तेवढेच पंधरा दिवस हाताशी असतात.